शिंका, पण पॉलिसी सांभाळून!

जुलैचा महिना. बाहेर धो धो पाऊस आणि आत ऑफिसचा एसी फुल्ल ऑन. सोमवारी कोपऱ्यातल्या क्युबिकलमधून पहिली 'आक्छी' ऐकू येते. बुधवारी ती अकाउंट्सपर्यंत पोचते आणि शुक्रवारी अख्खी टीम एका हाताने नाक पुसत, दुसऱ्या हाताने प्रेझेंटेशन करत असते. कुणी व्हिक्सची डबी काढतं, कुणी आईने थर्मासमध्ये दिलेला गवती चहा-आल्याचा काढा पितं, तर कुणी लंच ब्रेकमध्ये खालच्या केमिस्टकडे जाऊन 'भाऊ, काहीतरी स्ट्राँग द्या, उद्या डेडलाइन आहे' म्हणतं.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट पाकिटातून कुणीच बाहेर काढत नाही. मेडिक्लेमचं कार्ड! काढून उपयोगही नसतो म्हणा. सर्दीसाठी कुठे मेडिक्लेम मिळतो?

बरोब्बर. नाही मिळत. पण म्हणून सर्दीचा आणि तुमच्या पॉलिसीचा काही संबंधच नाही असं समजत असाल, तर जरा थांबा. पॉलिसी सर्दीसाठी सहसा एक रुपयाही देत नाही, हे खरं. पण सर्दीच्या निमित्ताने तुम्ही काय करता, डॉक्टरांना काय सांगता आणि ते कागदावर काय लिहितात, यावरून दोन वर्षांनी एखाद्या मोठ्या आजारात तुमचा क्लेम पास होणार की लटकणार, हे ठरू शकतं. औषधाला शंभर रुपये लागतात, पण कागदावरचा एक शब्द लाखाला पडू शकतो. म्हणून आज थोडं सर्दीविषयी आणि थोडं पॉलिसीतल्या त्या बारीक अक्षरांविषयी.

नाव आहे, पण नकाराच्या यादीत

आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी आणली आणि ते नाव इतकं रुळलं की आज कुठल्याही कंपनीची हेल्थ पॉलिसी आपल्यासाठी मेडिक्लेमच. झेरॉक्ससारखं! या पॉलिसीचा मूळ नियम सोपा आहे. हॉस्पिटलमध्ये सलग २४ तास ॲडमिट असाल तर पैसे. मोतीबिंदूसारख्या काही डे-केअर ऑपरेशन्सना २४ तासांची अट नसते. बाकी डॉक्टरची फी, गोळ्या, कफ सिरप, वाफेचं मशीन हे सगळं ओपीडी. म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

गंमत म्हणजे सर्दीचं नाव कित्येक पॉलिसींमध्ये चक्क छापलेलं असतं. 'डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन' नावाचं एक कलम असतं. पेशंटला हलवणंच शक्य नाही किंवा हॉस्पिटलमध्ये खाटच रिकामी नाही, म्हणून घरीच तीन दिवसांपेक्षा जास्त उपचार करावे लागले, तर त्याचा खर्च मिळतो. पण त्याखाली लगेच 'या आजारांना मिळणार नाही' अशी यादी असते. त्यात दमा, ब्राँकायटिस, टॉन्सिल्स, मधुमेह, ब्लड प्रेशर या मंडळींबरोबर 'इन्फ्लुएन्झा, खोकला आणि सर्दी' ही त्रिमूर्तीही मानाने बसलेली असते. आता बोला!

कंपनीवर चिडण्याआधी तिची बाजूही ऐका. धडधाकट मोठ्या माणसाला वर्षातून सरासरी दोन-तीनदा सर्दी होते. रायनोव्हायरस नावाचा तिचा जो मुख्य सूत्रधार आहे, त्याचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाशी लढून शरीर तयार झालं की दुसरा हजर. आता जी गोष्ट दर वर्षी नक्की होणार आणि आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होणार, तिचा विमा काढायचा म्हणजे आपलेच पैसे कंपनीला देऊन, तिचा ऑफिस खर्च वजा करून, उरलेले आपणच परत घ्यायचे. विमा असतो तो कधीतरी येणाऱ्या आणि आला तर कंबरडं मोडणाऱ्या खर्चासाठी.

हाच हिशेब 'ओपीडी कव्हर'ला लावा. हल्ली एजंट अगदी गोड आवाजात सांगतात, 'सर, यात सर्दी-पडसंपण कव्हर आहे!' असेल. पण जादा प्रीमियम किती आणि ओपीडीची वार्षिक मर्यादा किती, हे दोन आकडे शेजारी लिहून बघा. आईबाबांना दर महिन्याला डॉक्टरकडे जावं लागत असेल तर कदाचित फायदा होईल. वर्षात दोनदा शिंकणाऱ्या तिशीच्या आतल्या माणसाला बहुतेक नाही.

जे-झिरो-झिरोचे भाऊबंद

आता खरी गोम. आपल्यासाठी नाक वाहिलं की ती सर्दी. 'मला ना सर्दीचा जुना त्रास आहे', 'माझं सायनस आहे', 'मला धुळीची सर्दी होते' ही वाक्यं आपण गप्पांच्या ओघात सहज टाकतो. पण हॉस्पिटलच्या आणि विमा कंपनीच्या कॉम्प्युटरला हे वेगवेगळे आजार वाटतात आणि ते आहेतही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-१० मध्ये, प्रत्येक आजाराला एक कोड असतो. साध्या सर्दीचा कोड जे००. ॲलर्जीच्या सर्दीचा, म्हणजे ॲलर्जिक ऱ्हायनायटिसचा, जे३०. जुनाट सायनसचा जे३२. दम्याचा जे४५. जे०० हा पाहुणा आहे. येतो, आठवडाभर राहतो, जातो. बाकीचे तिघे भाडेकरू. त्यांचा मुक्काम लांबतो आणि विमा कंपनीला रस असतो तो यांच्यात.

म्हणजे तुम्ही डॉक्टरांना नुसतं 'नेहमीची सर्दी' म्हणालात आणि त्यांनी घाईत कागदावर 'क्रॉनिक' लिहिलं, तर पाहुण्याच्या नावाने भाडेकरूचा करार झाला! आणि उलटंही तितकंच खरं. तुम्हाला खरोखरच दमा आहे आणि तुम्ही त्याला 'जरा सर्दी असते' म्हणून झाकताय, तर तो झाकला जाणार नाही. हॉस्पिटलमध्ये छातीला स्टेथोस्कोप लावला की बिंग फुटतं.

थांबा, तुम्ही रांगेत आहात

नवीन वैयक्तिक पॉलिसी घेतली की तीन प्रकारच्या रांगा सुरू होतात. तिन्हीत सर्दीच्या खानदानातलं कुणीतरी सापडतंच.

पहिली रांग ३० दिवसांची. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठल्याही आजाराचा क्लेम मिळत नाही. समजा १ जुलैला पॉलिसी सुरू झाली, १० तारखेला सर्दी, १७ ला ताप आणि २० ला न्यूमोनिया म्हणून ॲडमिट. बिल संपूर्ण तुमच्या खिशातून. म्हणून 'पावसाळा लागला, घेऊया आता पॉलिसी' हा विचार उशिराचा असतो. पॉलिसी तब्येत ठणठणीत असताना घ्यायची वस्तू आहे. रिन्यूअल चुकू दिलं नाहीत, तर दुसऱ्या वर्षी ही ३० दिवसांची रांग पुन्हा लागत नाही.

दुसरी रांग ठरावीक आजारांची. १ एप्रिल २०२० पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सगळ्या कंपन्यांना 'आरोग्य संजीवनी' नावाची एकसारखी पॉलिसी विकायला लावली. तिच्यात २४ महिने थांबायच्या यादीत अगदी वरच्या नंबरावर कोण आहे? कान-नाक-घशाचे साधे, कॅन्सर नसलेले विकार! मागोमाग टॉन्सिल आणि ॲडिनॉइडची ऑपरेशन्स. बाकीच्या पॉलिसींतही अशीच यादी असते आणि अनेकींत सायनसचं आणि नाकाच्या वाकड्या पडद्याचं नाव वेगळं दिलेलं असतं. म्हणजे दर पावसाळ्यात डोकं धरून बसणाऱ्याने 'आता एकदाचं सायनसचं दुर्बिणीचं ऑपरेशन करून टाकू' म्हणत नवी पॉलिसी घेतली, तर आधी ही रांग.

तिसरी रांग जुन्या आजारांची, ज्याला 'प्री-एक्झिस्टिंग' म्हणतात. पॉलिसी सुरू व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरने सल्ला वा उपचार दिले असा आजार म्हणजे प्री-एक्झिस्टिंग. त्यासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. २०२४ पर्यंत ही दोन्ही मुदत ४८ महिन्यांची होती, ती नियामकाने कमी केली. तेव्हा कुणी अजून चार वर्षं सांगत असेल तर त्याचा कागद जुना आहे.

फॉर्ममध्ये सर्दी लिहायची का?

हा प्रश्न हमखास येतो. 'गेल्या वर्षी तीनदा सर्दी झाली होती, ते प्रपोजल फॉर्ममध्ये लिहू का?'

सुप्रीम कोर्टाने २००९ च्या एका मेडिक्लेमच्या निकालात याची फूटपट्टी दिली आहे. एखादा शहाणा विमा कंपनीवाला जोखीम घ्यायची की नाही हे ठरवताना ज्या गोष्टीचा विचार करेल, ती गोष्ट महत्त्वाची आणि ती सांगायलाच हवी. त्या प्रकरणात जुना मधुमेह आणि किडनीचा आजार लपवला होता. क्लेम नाकारणं कोर्टाने योग्य ठरवलं.

आता ही फूटपट्टी सर्दीला लावून बघा. दोन-तीनदा आलेली आणि आपोआप गेलेली सर्दी ऐकून कुठला शहाणा माणूस पॉलिसी नाकारेल? कुणीच नाही. पण खालीलपैकी काही असेल तर?

इनहेलर वापरत असाल, अगदी 'फक्त थंडीत' वापरत असाल तरी. ॲलर्जीची रोजची गोळी किंवा नाकातला स्प्रे चालू असेल. सायनसचा सीटी स्कॅन झाला असेल. 'पुढेमागे ऑपरेशन करावं लागेल' असं ईएनटी म्हणाले असतील. श्वास लागतो म्हणून कधी ॲडमिट झाला असाल. आणि हो, रोजची सिगरेट.

हे सगळं लिहायचं. एजंट म्हणेल, 'अहो, कशाला? उगाच प्रीमियम वाढेल.' लिहायचंच. कारण लिहिलंत तर फार तर काय होईल? थोडा प्रीमियम वाढेल किंवा त्या आजारासाठी ३६ महिने थांबावं लागेल. काही वेळा कंपनी नकारही देईल, मग दुसरी कंपनी बघता येईल. पण न लिहिता पॉलिसी घेतलीत तर नकार येतो तो हॉस्पिटलच्या कॅश काउंटरसमोर उभं असताना. एजंट तेव्हा फोन उचलत नाही. आणि फॉर्म एजंटने भरला असला, तरी खाली सही तुमची असते. म्हणून सही करण्याआधी आणि पॉलिसी हातात आल्यावर, दोन्हीदा वाचा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती पसंत नाही म्हणून परत करता येते, त्याला फ्री-लुक पिरियड म्हणतात.

आणखी एक. कंपनीने पॉलिसीआधी मेडिकल टेस्ट करायला सांगितलं आणि नेमकी त्याच दिवशी सर्दी असेल, तर सरळ तारीख पुढे ढकला. इन्फेक्शनमध्ये पांढऱ्या पेशी आणि ईएसआर वाढलेले दिसू शकतात. शिवाय नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिनसारखी औषधं असतात, त्यांनी ब्लड प्रेशर वर जाऊ शकतं. म्हणजे चार दिवसांच्या सर्दीपायी रिपोर्टवर 'बीपी हाय' असं कायमचं छापून यायचं! फॉर्म भरताना लपवू नका, पण ताप-सर्दीत टेस्टही देऊ नका. दोन्हींत फरक आहे.

'ॲडमिट होऊन टाक ना यार!'

ऑफिसमधला एक तरी सल्लागार मित्र हे म्हणतोच. 'चार दिवस ताप-सर्दी आहे ना? एक रात्र ॲडमिट हो, सगळ्या टेस्ट होऊन जातील आणि बिल मेडिक्लेममध्ये!'

आयडिया हुशारीची वाटते. पण तिच्यासाठी पॉलिसीत आधीच कुंपण घातलेलं आहे. आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांसाठी अपवादांची भाषा एकसारखी करून त्यांना कोड नंबर दिलेत. त्यातला चौथ्या नंबरचा अपवाद हाच. केवळ तपासण्या आणि निदानासाठी झालेली ॲडमिशन कव्हर होत नाही. पाचव्या नंबरला नुसत्या आरामासाठी झालेली ॲडमिशन. केस पेपरवर रोजचा ताप साधा, सलाइनची गरज नाही, दिलेली औषधं सगळी तोंडाने घ्यायची, आणि टेस्ट मात्र डझनभर, हे बघितलं की टीपीएमधल्या डॉक्टरला काय ते कळतं. २४ तास भरले म्हणजे क्लेम पास, असं नसतं. ॲडमिट होण्याची खरंच गरज होती का, हा प्रश्न विचारला जातो.

समजा पास झालाच, तरी फुकट नाही. क्लेम न केल्याचा बोनस जातो. आरोग्य संजीवनीत क्लेम नसलेल्या प्रत्येक वर्षाला विम्याची रक्कम ५ टक्क्यांनी वाढते, कमाल ५० टक्क्यांपर्यंत. ५ लाखांची पॉलिसी चार वर्षं हात न लावता ठेवलीत तर कव्हर ६ लाख होतं. पाचव्या वर्षी सर्दी-तापाच्या पंधरा हजारांसाठी क्लेम केला की बोनस वाढायचा तर थांबतोच, वर ५ टक्क्यांनी खाली येतो. कव्हर पावणेसहा लाख. क्लेम नसता तर सव्वासहा झालं असतं. आणि डॉक्टरशी संगनमत करून साध्या सर्दीला 'ॲक्यूट' आजार लिहून घेतला, तर तो फ्रॉड. फ्रॉड सिद्ध झाला तर पॉलिसीच रद्द होऊ शकते.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका! दहा दिवस उलटून गेलेत, ताप उतरून पुन्हा चढलाय, धाप लागतेय, छातीत दुखतंय, तर बोनस गेला खड्ड्यात, आधी डॉक्टर गाठा. खरी गरज असताना क्लेम करायचा नाही तर पॉलिसी घेतली कशाला? तुम्ही आधी क्लेम केलाय, एवढ्याच कारणावरून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही.

केस पेपरवरचं ते एक वाक्य

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा ठाण्यातला एक मुलगा, वय २९. पॉलिसी घेऊन १४ महिने झालेत. सर्दीचं रूपांतर न्यूमोनियात झालं. रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत. त्याला बोलवत नाहीये, म्हणून शेजारी उभी असलेली आई बोलते. ड्युटीवरचे डॉक्टर विचारतात, 'किती दिवसांपासून त्रास आहे?' आई म्हणते, 'अहो, लहानपणापासून सर्दीचा कोठाच आहे याचा. दर पावसाळ्यात खोकतो.'

आईच्या मनात काळजी. डॉक्टरच्या मनात पुढचे सहा पेशंट. आणि कागदावर उतरतं, 'रिकरंट कोल्ड अँड कफ सिन्स चाइल्डहूड'.

दुसऱ्या दिवशी टीपीएची क्वेरी येते. खोकला पहिल्यांदा कधी सुरू झाला? आधीचे सगळे पेपर द्या. दमा आहे का? पॉलिसी घेताना सांगितलं होतं का? दोन वर्षांपूर्वीच्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' आणि पुढे प्रश्नचिन्ह असतं. क्वेरीत ते प्रश्नचिन्ह गळून पडतं. झालं! मुलगा आयसीयूत आणि बाबा जुन्या फायली उपसतायत.

इथे खोटं कुणीच बोललेलं नाही. फक्त नेमकं कुणी बोललं नाही. 'आत्ताचा त्रास आठ दिवसांपासून आहे. दर वर्षी पावसाळ्यात साधी सर्दी होते, आठवड्यात बरी होते. दम्याचं निदान कधी झालेलं नाही, इनहेलर नाही' एवढं सांगितलं असतं तर? डॉक्टरांनाही उपचाराला मदत आणि कागदही स्वच्छ. अर्थात जे खरं असेल तेच. दमा असेल तर दमा आहे म्हणूनच सांगायचं, कारण तिथे प्रश्न क्लेमचा नाही, जिवाचा असतो.

म्हणून ॲडमिट झाल्यावर घरच्यांपैकी एकाने हिस्टरीच्या पानावर काय लिहिलंय ते विचारावं. चुकीचं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे, नम्रपणे सांगावं. डिस्चार्ज झाल्यावर तीन महिन्यांनी केलेली दुरुस्ती संशयास्पद दिसते. फॅमिली डॉक्टरांकडून 'अमुक तारखांना साध्या सर्दीचे उपचार केले, दमा नाही' असं खरं सर्टिफिकेट मिळालं तर क्वेरीला ते उत्तम उत्तर. आपले मेडिकल रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवेत, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतच म्हटलंय. लाजू नका, मागा.

राजीनामा देताय? नाक तपासा!

आपल्यातल्या कित्येकांची एकुलती एक पॉलिसी म्हणजे कंपनीची ग्रुप पॉलिसी. ती असते मस्त. बहुतेक ग्रुप पॉलिसींत या रांगा माफ असतात, सायनसचं ऑपरेशन जॉइन झाल्याच्या दुसऱ्या महिन्यातही होऊ शकतं. पण ही पॉलिसी नोकरीच्या गळ्यात बांधलेली असते. नोकरी गेली, स्टार्टअप सुरू केलं, एमबीएला गेलात, की आयकार्डाबरोबर तीही जमा!

मग वैयक्तिक पॉलिसी घ्यायला जाता, तेव्हा गेल्या पाच वर्षांत ग्रुप पॉलिसीच्या जोरावर केलेल्या सगळ्या ईएनटी वाऱ्या आणि ॲलर्जी टेस्ट तुमच्याआधी तिथे पोचलेल्या असतात. पंचविशीत जी पॉलिसी एका सहीत मिळाली असती, तिला पस्तिशीत चार प्रश्न आणि तीन रांगा.

यावर उपाय दोन. एक, ग्रुप पॉलिसी असली तरी छोटीशी का होईना, स्वतःची पॉलिसी लवकर सुरू करा. नोकरीत असतानाच वेटिंग पिरियड गुपचूप संपून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, त्यामुळे 'टॅक्स फार' ही सबबही गेली. दोन, नोकरी सोडत असाल तर नोटीस पिरियडमध्येच एचआरला विचारा. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, त्याला मायग्रेशन म्हणतात. झालेल्या वेटिंगचं क्रेडिटही मिळतं. शेवटच्या दिवशी केक कापल्यावर नाही, आधी विचारायचं.

आणि तरीही 'नाही' म्हणाले तर?

घाबरायचं नाही. कंपनीतल्या एखाद्याच्या मनात आलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. २०२४ च्या आयआरडीएआयच्या नियमांनुसार नकार द्यायच्या आधी कंपनीच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि कुठल्या कलमाखाली नाकारला तेही कळवावं लागतं. ते कलम पॉलिसीत स्वतः उघडून वाचा. बऱ्याचदा तिथेच अर्धं उत्तर मिळतं.

तुम्ही काही लपवलंत हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची आहे, असं सुप्रीम कोर्टाने पूर्वीच सांगितलंय. २०१५ च्या आणखी एका निकालात मृत्यू हृदयविकाराने झाला होता आणि लपवलेला आजार होता कंबरेच्या मणक्याचा. संबंध काय, असं म्हणत कोर्टाने विम्याचे पैसे द्यायला लावले. तो खटला आयुर्विम्याचा होता आणि प्रत्येक केस वेगळी असते, त्यामुळे त्या भरवशावर काही लपवायला जाऊ नका. पण जुन्या साध्या सर्दीचं निमित्त करून न्यूमोनियाचा क्लेम नाकारत असतील, तर लढायला जागा नक्की आहे.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे ओम्बड्समन. मुंबईत आणि पुण्यातही ऑफिस आहे. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षभरात जायला हवं, एवढंच.

आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की मोरेटोरियम पूर्ण होतो. त्यानंतर 'तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं' या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फ्रॉड सिद्ध केला तरच. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ पासून पाच. म्हणजे रिन्यूअलची तारीख न चुकवणं हेच तुमचं सगळ्यात स्वस्त औषध!

फ्रिजवर लावायची चिठ्ठी

* साध्या सर्दीचा खर्च खिशातून. त्यासाठी उगाच ॲडमिट होऊ नका.
* केमिस्टकडून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. सर्दी व्हायरसने होते, त्यावर ते चालतच नाही.
* डॉक्टरांना दिवस मोजून सांगा. 'नेहमीचंच आहे' हे वाक्य बंद.
* इनहेलर, रोजची ॲलर्जीची गोळी, सायनसचा स्कॅन, सिगरेट. प्रपोजल फॉर्ममध्ये चारही लिहा.
* पॉलिसीची मेडिकल टेस्ट सर्दी गेल्यावरच.
* चिठ्ठ्या, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला तरी तो फोल्डर माहीत असू द्या.
* रात्री अकरा वाजता हॉस्पिटलमध्ये तुमच्या वतीने कोण बोलणार, हे आधीच ठरवा आणि त्या व्यक्तीला तुमची हिस्टरी नीट सांगून ठेवा. आई असेल तर विशेष करून!

शेवटची चिठ्ठी या वीकेंडलाच अमलात आणा. चहाच्या कपासोबत दहा मिनिटांचं काम आहे. नाक वाहत असेल तर चहात आलं जरा जास्त घाला.